क्रेन टोलनाक्याशीच का थांबते?

सडक आणि शिवार | वाटसरू

रस्त्याच्या कडेला किलोमीटरचा दगड असतो. त्याचा माथा पिवळा असेल तर आपण राष्ट्रीय महामार्गावर आहोत, हिरवा असेल तर राज्य महामार्गावर, काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याच्या रस्त्यावर आणि केशरी असेल तर गावरस्त्यावर. एरवी याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. गाडी बंद पडली की मात्र हाच रंग कामाचा ठरतो, कारण आपल्याला ओढून न्यायला कुणी येणार की नाही, हे बरंचसं त्यावरच अवलंबून असतं.

दगड पिवळा असेल तर 1033 लावावा. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा हा चोवीस तासांचा मोफत क्रमांक नितीन गडकरींनी मार्च 2018 मध्ये सुरू केला. पलीकडचा माणूस आधी ठिकाण विचारतो. ‘बाजारगाव ओलांडलं, डाव्या हाताला ढाबा आहे’ एवढ्यावर त्याला काही कळत नाही. दगडावरचा आकडा सांगावा आणि गाडीचं तोंड अमरावतीकडे आहे की नागपूरकडे, ते सांगावं. दुभाजक असलेल्या रस्त्यावर चुकीच्या बाजूला आलेल्या क्रेनला वळसा घालून यायला बराच वेळ लागतो. टोलनाक्यावर गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवणं ही टोलच्या रस्त्याबरोबर येणारी जबाबदारी आहे. 2008 च्या टोल नियमांप्रमाणे एकाच महामार्गावर, एकाच दिशेच्या दोन नाक्यांत साधारण 60 किलोमीटरचं अंतर धरलेलं असतं, म्हणजे क्रेन फार लांब नसावी. नागपुरात एकमेकांना छेदणाऱ्या 44 आणि 53 क्रमांकाच्या महामार्गांवर ही सोय आहे आणि तिचा लोकांना उपयोग होतो. समृद्धी महामार्गावर राज्य रस्ते विकास महामंडळाची वेगळी हेल्पलाइन आहे, 30 टनी क्रेन आहेत. हे सगळं चांगलंच आहे.

तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नाक्यावरच्या क्रेनचं पहिलं काम रस्ता मोकळा करणं हे आहे. ती गाडी जवळच्या पेट्रोल पंपावर, ट्रक थांबतात त्या जागेवर किंवा नाक्याशी नेऊन सोडते. तिथून गॅरेजपर्यंत कसं जायचं ते आपलं आपण पाहायचं. दुसरं असं की, सगळेच राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे नाहीत. काही सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे आहेत. तिथे टोल नसेल तर क्रेन असेलच याची खात्री नाही, दगड कितीही पिवळा असो.

माझा प्रश्न मात्र हिरव्या, काळ्या आणि केशरी दगडांचा आहे. कुहीहून मांढळला, पारशिवनीहून नवेगाव खैरीवरून कोलितमाऱ्याला, काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या पट्ट्यात आडवं जाताना गाडी बंद पडली तर 1033 चा काही उपयोग नाही. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खातं बांधतं, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषद सांभाळते. खड्डा कुणी बुजवायचा हे कागदावर तरी ठरलेलं आहे. पण त्या रस्त्यावर अडकलेल्या माणसाला बाहेर कुणी काढायचं, हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही. गंमत नाही, हा गंभीर प्रकार आहे. नागपूर जिल्ह्यातली बहुतेक माणसं रोज याच रस्त्यांवर असतात. संत्रा, कापूस, सोयाबीन याच रस्त्यांनी बाजाराला जातं. बाळंतीणही याच रस्त्याने उपजिल्हा रुग्णालयात पोहोचते.

मग काय होतं? ट्रॅक्टर येतो. कुही-मांढळ रस्त्यावर मी हे जवळून पाहिलं आहे. बंद पडलेल्या कारपाशी ट्रॅक्टर थांबला. चालवणारा पोरगा विशीतला. “काऊन थांबले जी?” म्हणत उतरला आणि थेट बंपरपाशी वाकला. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या बंपरला एक चौकोनी झाकण असतं. ते उचकटलं की आत आटे दिसतात. डिकीतल्या टूलकिटमध्ये एक जाड लोखंडी कडी असते, ती त्या आट्यांत फिरवून घट्ट बसवायची आणि दोर त्या कडीलाच बांधायचा. गाडीच्या मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो बंपरलाच दोर गुंडाळायला निघाला होता. पोराने त्याला थांबवलं. दोर फार लांब ठेवला नाही. कायदाही दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको म्हणतो. मग मालकाला स्टिअरिंगवर बसवून म्हणाला, “चाबी चालू ठेवा, नाही तं स्टेरिंग लॉक होते. अन् ब्रेक जोरात दाबा लागन.” अगदी बरोबर सांगितलं त्याने. इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदत जाते, पाय पूर्ण जोराने दाबावा लागतो. टोचन करून गाडी मांढळच्या दिशेने निघाली. पैशाचं विचारलं तेव्हा त्याने डिझेलपुरते घेतले.

या पोराचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्याच्या भरवशावर जिल्ह्याचा कारभार सोडणं मला पटत नाही. तो रात्री अकराला नसतो. पावसात, रोवणीच्या दिवसांत नसतो. शिवाय गाड्या बदलत चालल्या आहेत. ऑटोमॅटिक गिअरची किंवा बॅटरीवरची गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेली तर आतल्या यंत्रणेला इजा होऊ शकते, तिला सपाट पाट्याच्या गाडीवर चढवूनच न्यावं लागतं. अशी गाडी तालुक्याच्या ठिकाणीही सहज मिळत नाही. ती मागवायची तर बहुतेक वेळा नागपूर, हिंगणा नाहीतर बुटीबोरीकडेच बघावं लागतं.

दुचाकीवाल्याची अवस्था याहून वाईट. गावाकडे घरटी गाडी म्हणजे दुचाकीच. ती बंद पडली की दुसरा मोटारसायकलवाला मागून येतो, आपला एक पाय बंद गाडीच्या फूटरेस्टवर टेकवतो आणि दोघं त्याच अवस्थेत, एकमेकांना खेटून, पंक्चरवाल्यापर्यंत जातात. समोरून ट्रक आला की दोघांचाही तोल त्या एका पायावर. मागे बायको असेल, तिच्या मांडीवर लेकरू असेल, तर आधी त्यांना उतरवून फाट्यावर उभं करावं लागतं. अंधार पडलेला असेल तर तिथे त्यांना सोडून जायचं कसं?

आता पैशाचं बोलू. पुष्कळांना वाटतं, विमा आहे ना, कंपनी बघेल. आपली पॉलिसी काढून वाचावी. 2002 पासून लागू झालेल्या भारतीय मोटार टॅरिफच्या नमुना पॉलिसीत गाडी जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे हलवण्याचा खर्च कारसाठी 1500 रुपये आणि दुचाकीसाठी 300 रुपये एवढाच धरलेला आहे. तोही अपघात झाला असेल तरच. क्लच प्लेट गेली, बेल्ट तुटला, मे महिन्याच्या उन्हात रेडिएटरने पाणी सोडलं, तर या कलमातून एक रुपया मिळत नाही. त्यासाठी रोडसाइड असिस्टन्सचं वेगळं कलम जास्तीचा हप्ता भरून घ्यावं लागतं. त्यातही किलोमीटरची मर्यादा असते, वर्षात किती वेळा वापरता येईल याची मर्यादा असते. ज्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा आहे त्याला तर ही दारंच बंद. गावाकडच्या जुन्या गाड्यांचा, मालवाहू ऑटोंचा विमा बहुतेक तेवढाच असतो, हे कुठल्याही एजंटला विचारावं.

म्हणजे शेवटी खासगी क्रेन बोलवायची, आणि तिचा दर क्रेनवाला सांगेल तो. मी क्रेनवाल्यांना दोष देत नाही. हायड्रा क्रेन असो की पाट्याची गाडी, त्याला जाताना रिकामं जावं लागतं, डिझेल त्याचं, ड्रायव्हर आणि हेल्पर त्याचे, रात्रीची जोखीम त्याची. त्याने जास्त मागितले तर त्याला कारणं आहेत. पण जंगलाच्या कडेला, मोबाइलची एकच कांडी शिल्लक असताना केलेला सौदा हा सौदा नसतोच. ऑटोरिक्षाचं भाडं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवून देतं. शहरात नो पार्किंगमधून उचललेल्या गाडीचं शुल्क ठरलेलं असतं. गावरस्त्यावरून गाडी ओढून नेण्याचा दर तेवढा कुणी ठरवलेला नाही.

बंद गाडी रस्त्यावर जितका वेळ उभी, तितका मागून येणाऱ्यांना धोका. ऑक्टोबर 2023 मध्ये समृद्धीवर वैजापूरजवळ थांबलेल्या ट्रकवर मिनीबस आदळली आणि 12 जण गेले. तो ट्रक बिघाडाने थांबलेला नव्हता, ते कारण वेगळं. पण रात्री वेगात येणाऱ्याला उभी गाडी वेळेत दिसत नाही हे त्यातून कळतं. हा सहा पदरी नवा रस्ता होता. एकेरी डांबरी रस्त्यावर, वळणावर, टेललाइट गेलेल्या ट्रॉलीमागे काय होत असेल? नव्या गाडीसोबत चमकणारा त्रिकोण मिळतो, तो बहुतेकांच्या डिकीत प्लॅस्टिकमध्येच राहतो. ट्रकवाले झाडाची फांदी तोडून मागे टाकतात आणि दगडांची रांग लावतात. काम झालं की ट्रक जातो, दगड तिथेच राहतात. रात्री त्या दगडांवर मोटारसायकल जाते.

ऑगस्ट 2025 मध्ये नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारच्या हद्दीत जे घडलं ते इथे सांगायलाच हवं. ट्रकच्या धडकेत दुचाकीवरची बायको गेली. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करत राहिला. कुणी थांबलं नाही, तेव्हा तिचा देह दुचाकीला बांधून तो गावाकडे निघाला. ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. हा गावरस्ता नव्हता, हा 44 क्रमांकाचा महामार्ग होता. लोकांना थांबायची भीती वाटते, पोलिसांच्या चौकशीची आणि लुटारूंचीही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं, मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं, नाव सांगायची सक्तीही राहिली नाही. हे किती जणांना माहीत आहे? गाडी बंद पडलेल्या माणसालाही हीच भीती भोगावी लागते. त्याच्याजवळून सगळे वेग वाढवून जातात.

जर्मनीत एडीएसी नावाची मोटारवाल्यांची संस्था 1903 पासून आहे. वर्गणी भरलेला सभासद कुठल्याही रस्त्यावर अडकला तरी तिची पिवळी गाडी येते. मदत माणसाच्या नावाने आहे, रस्त्याच्या नावाने नाही. आपल्याकडे मुंबईत 1919 मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली, बिघाडाच्या वेळी सभासदांना मदत हे तिच्याही कामात होतं. पण तिची सावली विदर्भातल्या शिवारापर्यंत कधी पडली नाही. आपण रस्ते वाढवले, टोल वाढवले आणि मदतीला टोलच्या खुंट्याला बांधून ठेवलं.

ही गाठ सोडवायला नवं महामंडळ काढायची गरज नाही. राज्याच्या 112 या आपत्कालीन क्रमांकाच्या यंत्रणेचं एक नियंत्रण केंद्र नवी मुंबईत आहे, दुसरं नागपुरातच आहे. ते पोलीस ठाण्याला आणि पोलिसांच्या गाडीला निरोप देतं. अपघातानंतर कुठल्या क्रेनवाल्याला बोलवायचं हे तालुक्यातल्या प्रत्येक ठाण्यात माहीत असतं, नंबर टेबलावरच्या काचेखाली असतो. हीच माहिती उघड करा. जिल्ह्यात शहर सोडून 13 तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात परवाना आणि विमा तपासलेल्या क्रेन, पाट्याच्या गाड्या, रात्री उठून येणारे मेकॅनिक यांची यादी करा, ती 112 ला जोडा. दर परिवहन प्राधिकरणाने ठरवावा: पहिल्या अमुक किलोमीटरचे इतके, पुढच्या प्रत्येक किलोमीटरचे इतके, रात्रीचे जास्त. रिकाम्या फेरीचे पैसे त्यात धरलेले असावेत, म्हणजे क्रेनवाला नाही म्हणणार नाही. दराचा फलक पेट्रोल पंपावर, बसस्थानकावर आणि मोठ्या फाट्यांवर लावा. जिल्हा परिषदेने आपल्या रस्त्यांवरचे दगड रंगवून आकडे टाकून घ्यावेत, कारण बोलावलेल्या माणसाला येण्यासाठी ठिकाण सांगावं लागतं आणि आज अनेक केशरी दगडांवर काहीच वाचता येत नाही. बाई एकटी असेल किंवा सोबत लहान मूल असेल तर क्रेन येईपर्यंत पोलिसांची गाडी तिथे थांबेल, हा नियम लेखी हवा.

आणि त्या यादीत दुचाकीसाठी फळ्या लावून गाडी वर चढवता येईल असा छोटा टेम्पो प्रत्येक तालुक्यात एक तरी असला पाहिजे. खर्च फार नाही, तालुक्यात असे टेम्पो आहेतच, दिवसा भाजी आणि सिमेंट वाहतात. रात्री त्यांनी कुणाच्या फोनवर यायचं आणि किती पैसे घ्यायचे, एवढंच जिल्हाधिकारी कार्यालयाने ठरवायचं आहे. पावसाळ्याआधी ठरवावं.