आहारशास्त्राची पदवी घेण्याआधी

बारावीचा निकाल लागला आणि भाचीने जाहीर केलं, "मावशी, मला न्यूट्रिशन करायचंय." जीवशास्त्रात तिला उत्तम गुण होते, पण नीटसाठी आणखी एक वर्ष घालवायची तयारी नव्हती. आजी म्हणाली, "अगं, वरण-भात कसा खावा हे शिकायला कॉलेज कशाला लागतं?" भाचीने शांतपणे विचारलं, "मग तुझी साखर का उतरत नाही, सांग बरं." आजी गप्प झाली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी शहराबाहेरचं एक खासगी कॉलेज पाहायला गेलो. इमारत चकचकीत, स्वागताला चहा आणि माहितीपत्रकावर 'शंभर टक्के प्लेसमेंट'. "जागा दोनच उरल्यात," असं ऐकल्यावर मी पर्समधून चेकबुक काढलंसुद्धा. तेवढ्यात भाचीने विचारलं, "प्रयोगशाळा पाहता येईल का?" चावी सापडायला वीस मिनिटं लागली. आत चार शेगड्या होत्या आणि एक वजनकाटा, तोही खोक्यातून न काढलेला. मी चेकबुक परत ठेवलं.

घरी येऊन आम्ही वही घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापैकी कुणालातरी उपयोगी पडेल, म्हणून इथे लिहिते.

पहिला प्रश्न तासांचा. २०२१ साली केंद्र सरकारने आरोग्यसेवेतल्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट यांचा त्याच्या अनुसूचीत समावेश आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान ३६०० तासांची असावी, असं तो कायदा म्हणतो. आम्ही साधा गुणाकार केला. तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षाला दोनशे दिवस धरले, तर रोजचे सहा तास होतात. आमच्या हातातल्या वेळापत्रकात वर्ग होते दहा ते एक. म्हणजे हिशेब निम्म्यावरच थांबत होता. म्हणून कॉलेजात गेलात तर माहितीपत्रकाच्या आधी वेळापत्रक मागा.

दुसरा प्रश्न रुग्णालयाचा. "इंटर्नशिपसाठी मोठमोठी हॉस्पिटलं आहेत," असं आम्हाला सांगितलं होतं. यादीतल्या एका रुग्णालयात मी फोन केला. तिथल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "हमारे यहाँ तो उस कॉलेज से कोई नहीं आया." मूत्रपिंडाच्या रुग्णाला डाळ किती द्यायची, नळीतून अन्न कसं द्यायचं, हे फळ्यावर शिकून होत नाही. इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'रजिस्टर्ड डाएटिशियन' परीक्षा द्यायची, तर पदव्युत्तर शिक्षणाबरोबर रुग्णालयातली सहा महिन्यांची इंटर्नशिपही लागते. म्हणजे तीन वर्षांनी गाडी थांबत नाही. त्यापुढचा खर्च आणि वेळही आजच धरायला हवा.

तिसरा प्रश्न नावाचा. बी.ए.ला गृहविज्ञान हा एक विषय असणं वेगळं आणि बी.एस्सी. न्यूट्रिशन वेगळं. जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय आहेत का आणि प्रात्यक्षिकासह आहेत का, ते तपासा. घरबसल्या पदवीच्या जाहिरातींपासून तर दूरच राहा. या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या सत्रापासून मनाई केली आहे, आणि त्यात आहारशास्त्रही आहे.

हे सगळं ऐकून आजीने विचारलं, "एवढा खटाटोप करून मिळणार काय? लोकांची वजनं उतरवणं?" मग भाचीने तिला कमला सोहोनींबद्दल सांगितलं. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण, जन्म इंदूरचा. बंगळूरच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला होता. पण १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे नीरा, कडधान्यं अशा साध्या माणसाच्या खाण्यातल्या पदार्थांच्या पोषणमूल्यांवर काम केलं. आपल्याकडेही काम कमी नाही. श्योपुरच्या सहरिया वस्त्यांमधलं मुलांचं कुपोषण ग्वाल्हेरपासून फार लांब नाही. खेळाडूंच्या आहाराकडे वळायचं, तर १९५७ पासूनची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था गावातच आहे.

शेवटी भाचीने निवडलेलं कॉलेज इंदूरचं आहे. भिंतींचा रंग उडालेला, स्वागताला चहा नाही. पण वर्ग दहा ते पाच, प्रयोगशाळा उघडी, आणि शेवटच्या वर्षाच्या मुली रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात ताटं मोजताना आम्ही स्वतः पाहिल्या. एकुलती एक नात घराबाहेर जाणार म्हणून आजी आठवडाभर रुसली होती. स्टेशनवर मात्र तिने डब्यासोबत आपल्या साखरेच्या तपासणीचे कागद नातीच्या हातात दिले. म्हणाली, "शिकलीस की आधी माझं ताट ठरव."