काहून धावला?

‘काहून धावला बे तू?’

गेल्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डी सामन्यानंतर हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याची मोजदाद मी सोडून दिली आहे. संघातल्या मुलांनी विचारला, मेसमध्ये पोळ्या वाढणाऱ्या काकांनी विचारला. सुट्टीत मूर्तिजापूरला गाडीतून उतरून गावी पोचलो, तर प्रश्न माझ्या आधीच येऊन पारावर बसलेला. त्या वेळी मी खाली मान घातली होती. आता बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे, थोडा विचार केला आहे, म्हणून या अंकाच्या निमित्ताने उत्तर देतो.

प्रसंग असा. दीड मिनिट उरले होते, आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि मॅटवर आमचे तिघेच उरले होते. डावा कोपरा, उजवा कोपरा आणि मध्ये मी. त्यांचा चढाईपटू निदान रेषा ओलांडून आमच्या डाव्या कोपऱ्याकडे वळला, त्याची पाठ माझ्याकडे झाली आणि मी धावलो. आमचा कोपरा जागचा हलला नव्हता. चढाईपटू गर्रकन वळला, माझ्या हाताला हात लावून मी सोडलेल्या मोकळ्या जागेतून निघाला. मग भानावर आलेल्या कोपऱ्याने त्याच्या पायावर उडी घेतली, ती निसटली आणि तोही बाद. दोनाचे अंतर चार झाले. पुढच्या चढाईत शेवटचा गडी गेला, लोण चढला, अंतर सात.

सर्वांचे म्हणणे एकच होते : ‘थांबायचे होते. चूक त्याला करू द्यायची होती.’

मला हे पटत नाही. धावलो ही माझी चूक नव्हती. एकटा धावलो ही होती. या दोन गोष्टींत फरक न केल्यामुळे आमच्यासारखे संघ तिघे उरले की मनाने आधीच बाद होतात.

थोडा हिशेब पाहा. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. दोन्ही बाजूंची एक-एक मीटरची लॉबी स्पर्श होईपर्यंत बंद असते, म्हणजे राखायला उरतात आठ मीटर. सात गडी असले की हातात हात घालून साखळ्या होतात, फटी लहान राहतात. तिघे उरले की हात सुटतात आणि दोघांच्या मधून बैलगाडी जाईल एवढी वाट पडते. ती वाट दिसली की आपण घाबरून मागे अंतिम रेषेला चिकटतो. त्या वेळी चढाईपटूला काय हवे असते? सहापेक्षा कमी गडी असल्यामुळे बोनस त्याला मिळणारच नाही. संघ पुढे असेल तर त्याला गुणाचीही घाई नाही. ३.७५ मीटरवरची निदान रेषा एकदा ओलांडायची, तीस सेकंद खायचे आणि परत जायचे. आमच्या त्या दीड मिनिटात थांबून राहिलो असतो तर त्यांच्या दोन चढाया झाल्या असत्या आणि आमची एक. त्या थांबण्याला सावधपणा कसे म्हणावे? पकड झाली असती तर एक गुण मिळाला असता, आमचा एक गडी आत आला असता, त्यांचा एक बाहेर गेला असता. प्रो कबड्डीत तर तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेल्या अव्वल पकडीला एक गुण जास्तीचा आहे. तिथे तिघे उरले की प्रेक्षक उठून उभे राहतात. आमच्याकडे चपला शोधू लागतात.

वाचकांना हसू येईल, पण या प्रश्नाचा उलगडा मला अमेरिकेतल्या एका खेळात थोडाफार झाला. वसतिगृहात रात्री मोबाईलवर तिकडच्या कॉलेजांचा अमेरिकन फुटबॉल पाहण्याचा नाद लागला. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. टेक्सास टेक नावाच्या विद्यापीठात माईक लीच हे प्रशिक्षक २००० ते २००९ या काळात होते. त्यांनी या पाच जणांना एकमेकांपासून लांब लांब उभे केले. पाहणाऱ्याला वाटावे, भिंतीला दारेच ठेवली. बचाव करणाऱ्याला मोह होतो की जास्तीची माणसे पाठवून घुसावे. पण भिंत रुंद झाल्याने कडेने येणाऱ्याला फेकणाऱ्यापर्यंत पोचायला अधिक पळावे लागते आणि तेवढ्यात चेंडू हातातून सुटलेला असतो. म्हणून शहाणा बचाव मधल्या, जवळच्या फटीतून घुसतो, आणि घुसणाऱ्याने सोडलेली जागा कोण धरणार हे आधी ठरवतो.

हे शेवटचे वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. मी धावलो तेव्हा माझी जागा कोणीच धरली नव्हती. धरायची असते हे कोणाला सांगितलेलेही नव्हते.

धावण्याचा अतिरेकही मी पाहिला आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, ७ ऑक्टोबर २०२३. भारत-इराण २८-२८ अशी बरोबरी, शेवटचे मिनिट जवळ आलेले. पवन सेहरावत कोणालाही न स्पर्शता लॉबीत गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही लॉबीत गेले. आता बाद कोण, यावर जवळजवळ तासभर खेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. आपण जिंकलो याचा आनंद आहेच, पण बचावपटू म्हणून मला त्या इराणी मुलांचे वाईट वाटले. कुठपर्यंत धावायचे हे अंगाला माहीत नसले की असे होते. तरीही, इराणने २०१८ साली जकार्तात आपल्याला उपांत्य फेरीत हरवले होते ते असाच अंगावर जाणारा बचाव करून, हे विसरता येत नाही.

मग आपल्याकडे थांबण्याची ही सवय आली कुठून? माझा अंदाज सांगतो, चूक असेल तर जाणत्यांनी दुरुस्त करावा. आम्ही खेड्यातली मुले काळ्या मातीत शिकलो. पावसाळ्यात तिथे पाय रुतो, उन्हाळ्यात भेगा पडतात. अशा जमिनीवर चढाईपटू स्वत:च घसरतो, अडखळतो. थांबून राहिले की पकड आपोआप हाती येते. मॅटवर बूट घालून तो घसरत नाही. जमीन बदलली, आम्ही तेच थांबणे घेऊन अमरावतीला आलो. ज्या गावच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी १९३६ साली बर्लिनला जाऊन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवली, त्या गावात आमच्यासारख्यांनी नवी पकड शिकायला लाजू नये.

माझे वडील शाळेत चौथीपर्यंतच गेले. कबड्डीच्या नियमांपैकी त्यांना लोण तेवढा कळतो. पण त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘एकलाच बैल वढला त जू वाकडं होते. दुसऱ्याले इशारा द्या लागते.’

मी त्यांना म्हटले, ‘बाबा, इशारा द्याचा कसा? हात तं सुटेल रायते.’

खरी अडचण हीच आहे. सात जण असताना इशारा हाताने दिला जातो. साखळीतल्या जोडीदाराने बोटे दाबली की समजायचे, आता. तिघे उरले की मध्ये तीन-तीन मीटर मोकळे, बोटे दाबणार कोणाची? तोंडाने ओरडावे तर चढाईपटूलाही कान आहेत. म्हणजे जेव्हा इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो तुटतो. यावर आमच्या सरावात कधीही एक दिवसही खर्च झाला नव्हता. चढायांवर झाला, दंड-बैठकांवर झाला. तिघांचा बचाव ही जणू नशिबाची गोष्ट, तिचा सराव कसला करायचा!

दिवाळीनंतर आम्ही तिघांनी आपले आपणच सुरू केले आहे. चढाईपटू ज्या कोपऱ्याकडे वळेल त्या कोपऱ्याने ठरवायचे, मधल्याने नाही. त्याने ‘तूर’ म्हटले की तो स्वत: घोट्यावर जाणार, मधला परतीच्या वाटेवर धडक देणार आणि लांबचा कोपरा मधल्याची जागा धरणार. ‘कपाशी’ म्हटले की कोणीही हलायचे नाही. तिसऱ्या कोऱ्या चढाईत, जिथे गुण घेतल्यावाचून त्याला परतताच येत नाही, तिथे बहुधा कपाशीच. त्याला येऊ द्यावे. एवढ्यापुरते थांबा म्हणणाऱ्यांचे मला मान्य आहे.

अजून नीट बसलेले नाही. परवा संध्याकाळी आमच्या डाव्या कोपऱ्याने घाईत ‘सोयाबीन’ असा पुकारा केला. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो आणि चढाईपटू हसत हसत तिघांनाही हात लावून गेला. पण त्या दिवशी ‘काहून धावला’ असे मात्र कोणी विचारले नाही. डावा कोपरा तेवढा म्हणाला, ‘उद्या सहाले या, अजून एक डाव.’