ऐनवेळचे विषय

सप्टेंबर आला की गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो. विषयपत्रिका कुठलीही घ्या, शेवटचा विषय ठरलेला: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’.

उभी हयात बँकेत गेल्याने मला शिस्तीचे भारी वेड. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सभेत मी अध्यक्ष होतो. जमाखर्चावर चर्चा चालली असताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठून म्हणाल्या, ‘‘साहेब, जिन्यात दिवा नाही हो.’’

‘‘विषयाला धरून बोला,’’ मी ऐकवले. काकू गप्प बसल्या. शेवटचा विषय येईपर्यंत लोक बटाटेवड्यांकडे वळले होते, आणि काकू अंधारा जिना चढून घरी गेल्या होत्या.

रात्री जमाखर्चाचे पत्रक पुन्हा चाळले. विजेच्या दुरुस्तीवर बचत झाली म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. ती बचत म्हणजेच तो विझलेला दिवा! विषयाला धरून बोलल्या होत्या त्या एकट्या काकूच.

शिस्त हवीच, नाहीतर सभा पार्किंगवरून पाकिस्तानापर्यंत जाते. पण ज्याला बोलायला दुसरी जागाच नाही, तो बिचारा विषय सोडूनच बोलणार. यंदा मागील सभेचे इतिवृत्त वाचून झाले, की मी आधी ऐनवेळचे विषय घेणार आहे.