मागच्या चाकांची वार्ता

ज्या घरांतील एखादा मुलगा, पुतण्या किंवा जांवई अमेरिकेंत संसार थाटून बसला आहे, अशीं घरें आमच्या वाचकांत आतां थोडीं राहिलीं नाहींत. त्या घरांतील वडील मंडळी सहा सहा महिने तिकडे राहून येतात, आणि आल्यावर तेथील थंडीचें, दुकानांचें व नातवंडांच्या इंग्रजीचें वर्णन करतात. त्यांपैकीं कित्येकांस उन्हाळ्यांत एका चमत्कारिक वाहनांतून प्रवास घडतो. मोठ्या मोटारीच्या मागें चाकांवरचें एक घरच जोडलेलें असतें. त्यांत निजावयाची सोय, शेगडी, फ्रीज, न्हाणी, सारें कांहीं. यास तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. या खेपेस आम्ही त्या घराच्या चाकांविषयीं लिहिणार आहों. विषय रुक्ष आहे असें कोणी म्हणेल. परंतु ज्या मोटारींत आमच्या वहिनी व दोन लहान मुलें बसलीं होतीं, तिच्या मागें हीं चाकें धांवत होतीं, म्हणून आम्हांस तो रुक्ष वाटत नाहीं.

पुतण्याचें बिऱ्हाड न्यू मेक्सिकोंत आल्बुकर्की येथें आहे. त्याचा ट्रेलर चोवीस फूट लांब व दोन आंसांचा, म्हणजे दर बाजूस एकामागें एक अशीं दोन, मिळून चार चाकांचा. आम्ही जाण्याच्या दोन वर्षें आधीं तो बायकामुलांसह ॲरिझोनांतून चालला असतां, होलब्रूक गांवाच्या अलीकडे एक ट्रकवाला शेजारून जातांना हात हालवून मागें खुणा करूं लागला. पुतण्यास वाटलें, हा रामराम करतो आहे. त्यानेंही हात वर केला. पुढें कांहीं मैलांवर पेट्रोलसाठीं थांबल्यावर उतरून पाहतो तों डावीकडील मागच्या चाकास टायर म्हणून कांहीं शिल्लकच नव्हतें. रबराच्या पट्ट्या सुटून फिरत्या चाकाबरोबर वरच्या बाजूस आपटत राहिल्या होत्या. त्यांनीं चाकावरील पत्रा फाडला, स्वयंपाकाच्या गॅसची खालून गेलेली नळी वांकवली, आणि ओट्याखालच्या तक्तपोशीस वीतभर भगदाड पाडलें. नळी फुटली नव्हती एवढेंच. त्यानें आधीं गॅसच्या टाकीची चावी बंद केली आणि मग तो तेथेंच जमिनीवर बसला, असें सूनबाईंनीं आम्हांस सांगितलें. त्यानें स्वतः हें कधीं सांगितलें नाहीं.

इतकें होईपर्यंत गाडी हांकणाऱ्यास कळलें कसें नाहीं, हा प्रश्न आम्हीं केला, व वाचकही करतील. मोटारीच्या स्वतःच्या चाकांतील हवा गेली तर हातांतील चक्र एका बाजूस ओढतें व बैठकीखालीं धक्के बसतात. ट्रेलरचें चाक पंचवीस-तीस फूट मागें, आणि मध्यें एकच जोडणी. त्यांतून दोन आंसांच्या ट्रेलरांत एक चाक बसलें कीं त्याच्या जोडीचें चाक सारा भार निमूटपणें आपल्या अंगावर घेतें. एक जाऊ अंथरुणास खिळली आणि दुसरीनें न बोलतां दोघींचें काम ओढलें, तर घरच्या कर्त्या पुरुषास कित्येक दिवस पत्ता लागत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. आणि तेथें जसें दुसरीही पुढें आजारी पडते, तसें येथें जोडीचें चाकही कांहीं मैलांनीं किंवा कांहीं दिवसांनीं फुटतें.

टायर फुटतो तो बहुधा खिळ्यानें नव्हे, तापानें. हवा कमी असली कीं टायराच्या भिंती दर फेऱ्यास अधिक वांकतात व सरळ होतात. त्या वांकण्यानें रबर तापतें, आणि तापलेल्या रबराचे थर एकमेकांपासून सुटूं लागतात. ट्रेलरसाठीं निराळे टायर मिळतात. त्यांच्या मापाच्या आधीं ‘एसटी’ हीं अक्षरें असतात. पुतण्याच्या ट्रेलरला कारखान्यांतून आलेले टायर ५० पौंड दाबाचे होते (दाब मोजतात तो दर चौरस इंचास इतके पौंड असा) आणि प्रत्येकाची शक्ति १,७६० पौंड वजन वाहण्याची. चारांची मिळून ७,०४० पौंड. आतां सामान, पाणी, पांघरुणें, मसाल्याचे डबे आणि वहिनींनीं येथून नेलेला पाटा-वरवंटा धरून त्या घराचा भार या आंकड्याच्या किती जवळ येतो, हें त्यानें वजनकांट्यावर प्रथम त्या अपघातानंतर पाहिलें. पुढें त्यानें त्याच मापाचे पण ६५ पौंड दाबाचे टायर घेतले. त्यांची शक्ति प्रत्येकीं २,०४० पौंड. मात्र ही शक्ति दाब पुरा असेल तरच. दाब उतरला कीं तीही उतरते.

येथें कायद्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. फोर्ड एक्सप्लोरर मोटारींस लावलेल्या फायरस्टोन टायरांचे पट्टे सुटून त्या उलटूं लागल्या व अडीचशेंवर माणसें दगावलीं, तेव्हां अमेरिकेनें २००० सालच्या नोव्हेंबरांत कायदा केला. त्यामुळें २००८ सालच्या नमुन्यापासून तेथील बहुतेक सर्व हलक्या मोटारींत दाब पाहणारें यंत्र असतें, व हवा ठरलेल्या दाबाच्या चौथा हिस्सा कमी झाली कीं समोर दिवा लागतो. पण हा नियम मोटारींचा; ट्रेलरास तो लागू नाहीं. ज्या चाकांची स्थिति हांकणाऱ्यास अंगानें कळते त्यांना पहारेकरी दिला, आणि ज्यांची कळतच नाहीं तीं उघडीं सोडलीं! कांहीं कारखानदार आतां आपखुशीनें तशी सोय करून देतात; बाकीच्यांनीं ती आपली आपण करावयाची.

पुतण्यानें ती केली. हवा भरण्याच्या व्हॉल्व्हच्या तोंडावर टोपणाप्रमाणें आंटे फिरवून बसवावयाचा एक लहानसा सेन्सर, असे पांच: चार चाकांना, आणि एक मागें टांगलेल्या जादा चाकास. ते बिनतारी संदेशानें दाब व उष्णता कळवितात, आणि हांकणाऱ्यापुढील तळहाताएवढ्या पडद्यावर आंकडे उमटतात. ट्रेलर लांब, व त्याचें अंग पत्र्याचें, म्हणून संदेश क्षीण होतो. त्यासाठीं वाटेंत तो पुनः जोरानें पुढें पाठविणारी एक डबी ट्रेलरांत बसवावी लागते. ती नसली तर कांहीं पडद्यांवर मघांचाच आंकडा तसाच उभा राहतो, आणि पाहणारा निर्धास्त असतो. दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. रबरी व्हॉल्व्हवर सेन्सरचें ओझें आलें कीं तो धांवतांना हेलकावे खातो व मुळाशीं चिरतो; मग हवा जाते ती पहारेकऱ्यामुळेंच! ६५ पौंड म्हणजे साध्या रबरी व्हॉल्व्हची सीमाच, म्हणून पुतण्यानें नवे टायर बसवितांना धातूचे व्हॉल्व्ह बसवून घेतले. ज्यांचा आप्त असें यंत्र घेणार असेल त्यांनीं एवढें पत्रांत जरूर लिहावें.

यंत्रास प्रथम एक आंकडा शिकवावा लागतो, तो थंड टायराचा. थंड म्हणजे निदान तीन तास न चाललेल्या, ऊन न लागलेल्या टायराचा, अर्थात् सकाळचा. योग्य दाब किती, हें ट्रेलरच्या डाव्या अंगास पुढच्या बाजूला लावलेल्या पट्टीवर लिहिलेलें असतें. (टायर बदलून अधिक शक्तीचे घेतले असतील तर ती पट्टी पुरत नाहीं, नव्या टायराचा दाब व चाकाच्या धातूची सोसण्याची मर्यादा दोन्ही पाहावीं लागतात.) आपल्याकडे ट्रकचा क्लीनर सकाळीं दांडक्यानें टायर ठोकून आवाज ऐकतो, तें पाहून आम्हांस फार कौतुक वाटे. पुतण्या म्हणाला, “काका, त्या आवाजानें बसलेला टायर कळतो, दहा पौंड उणा असलेला कळत नाहीं.” आम्हीं तें मान्य केलें, पण क्लीनर निदान दररोज खालीं उतरतो, हेंही त्यास ऐकविलें.

गेल्या वर्षीं जूनमध्यें आम्ही सारे ग्रँड कॅनियन पाहून समुद्राकडे निघालों. फ्लॅगस्टाफ येथें मुक्काम होता. गांव सुमारें सहा हजार नऊशें फूट उंचीवर, आणि जूनांतही पहाटे चाळीस-पंचेचाळीस अंश फॅरनहाइट थंडी. तेथें चारी टायरांत बरोबर ६५ पौंड भरून निघालों तों दुपारीं कोलोरॅडो नदीकांठच्या नीडल्स गांवीं पोंचलों. हें गांव अवघें पांचशें फुटांवर, आणि ऊन असें कीं दाराची मूठ धरवेना. उष्णता दर दहा अंशांनीं वाढली कीं असल्या टायरांतील दाब सुमारें दीड पौंड चढतो. उलट हजार फूट खालीं आलें कीं बाहेरची हवा जड होऊन मोजलेला दाब अर्धा पौंड उतरतो. शिवाय चालण्याचा ताप. सर्व मिळून आंकडे ७९-८० वर गेले, आणि उन्हाकडच्या एका चाकाचा ८२ वर. यंत्राची वरची सीमा सव्वापटीची, म्हणजे ८१; तें ओरडूं लागलें. आम्हीं विचारलें, “थोडी हवा सोडावी काय?” पुतण्या म्हणाला, “नको काका. टायरावर लिहिलेला दाब थंडीचा असतो. तापल्यावर तो चढणार हें धरूनच टायर केलेला असतो. आतां सोडली तर उद्यां सकाळीं उणी भरेल, आणि उणा टायर अधिक तापेल.” हें त्याचें सांगणें अगदीं बरोबर होतें. पण यंत्र दहा मिनिटांनीं पुनः ओरडलें, पुनः ओरडलें, तेव्हां त्यानें तो पडदा काढून समोरच्या खणांत टाकला.

नीडल्सपासून बार्स्टोपर्यंत रस्ता मोहावीच्या वाळवंटांतून जातो. वस्ती विरळ, सांवली नाहीं. ट्रेलर ओढणाऱ्यास कॅलिफोर्नियांत ताशी ५५ मैलांची मर्यादा, म्हणून इतर गाड्या भराभर पुढें जात होत्या. चाळीसएक मैल गेल्यावर खणांतून पुनः आवाज आला. पुतण्या म्हणाला, “उन्हाचाच असेल.” सूनबाईंनीं खण उघडला.

“अहो, उजवीकडचें मागचें सहासष्ट दाखवतें आहे.”

“मग ठीकच आहे. पासष्टच तर भरली होती.”

“पण बाकीचीं तिन्ही ऐंशीच्या घरांत आहेत.”

गाडींत क्षणभर कोणीच बोललें नाहीं. सूनबाईंनीं पुनः वाचलें तेव्हां आंकडा ६३ होता. पुतण्यानें गति हळूहळू उतरवून गाडी रस्त्याच्या उजव्या कडेस पार बाहेर घेतली.

आमच्या मतें या यंत्राचें सारें शहाणपण त्या एका वाक्यांत आहे. सहासष्ट हा आंकडा एकटा पाहिला तर निर्दोष. भावंडांशेजारीं ठेवला कीं रोग दिसतो. तीच गोष्ट उष्णतेची. चारी चाकें तापलीं तर तो उन्हाचा प्रताप. एकच तापलें तर त्याचा ब्रेक अडकला असेल किंवा आंतील बेअरिंग झिजलें असेल. टोपणासारखा सेन्सर टायराच्या बाहेर असल्यानें त्याची उष्णता आंतल्या हवेची खरी उष्णता नसते, हें ध्यानांत ठेवून चाकाचाकांतील फरक तेवढा पाहावा.

वहिनी व मुलें रस्त्यापासून दूर नेऊन छत्रीखालीं बसविलीं. टायराच्या खांचेंत एक स्क्रू रुतला होता. जोडीचें चाक लांकडी ठोकळ्यावर चढविलें म्हणजे बसलेलें चाक आपोआप उचललें जातें. मग जादा चाक चढविलें. त्या पांचव्या चाकासही सेन्सर घेतला म्हणून आम्ही आल्बुकर्कीस त्यास हंसलों होतों. त्यांत हवा पुरेपूर होती, हें आम्हांस उतरण्यापूर्वींच ठाऊक होतें. पन्नास मैलांवर थांबून नट पुनः आवळले. नवें बसविलेलें चाक थोडें चाललें कीं ते सैल पडण्याचा संभव असतो.

मात्र हें यंत्र सर्वज्ञ नव्हे. टायराचें वय त्यास कळत नाहीं. ट्रेलर वर्षांतून दहा महिने उन्हांत उभा असतो. वरची नक्षी कोरी दिसते आणि आंतील रबर वाळून जातें. टायराच्या कडेवर शेवटीं चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. ते वाचून पांच-सहा वर्षांनीं टायर बदललेला बरा. दाब पुरा असतांही जुन्या टायराचा पट्टा सुटतो, आणि तेव्हां पडदा शेवटच्या क्षणापर्यंत गप्प असतो. भार किती घातला आहे, हेंही तो सांगत नाहीं. पाटा-वरवंटा मात्र बार्स्टोस एका मराठी कुटुंबाकडे ठेवून आम्ही पुढें गेलों. वहिनींना तें अजून रुचलेलें नाहीं.

त्या दिवसापासून पडदा सूनबाईंच्या बाजूस आला. परतीच्या वाटेवर पुतण्या दर अर्ध्या तासानें “किती?” म्हणून विचारी व त्या पांचही आंकडे वाचीत. दुसऱ्या दिवशीं आठ वर्षांच्या नातीनें तें काम मागून घेतलें, आणि वहिनींनीं अट घातली कीं मराठींतूनच वाचलें पाहिजे. अठ्ठ्याहत्तरपर्यंत तिचें ठीक चाले. पुढें एकुणऐंशी आलें कीं ती अडखळे, आणि “सत्तर आणि नऊ” म्हणून मोकळी होई.