बापाचा धंदा पोराच्या फॉर्मवर

नाशिकरोडच्या मालधक्क्यावर रेक लागला की आमची टोळी वॅगनला भिडते. पन्नास किलोची सिमेंटची गोणी पाठीवर घ्यायला सर्टिफिकेट लागत नाही. मी मॅट्रिक. कविता करतो, गोण्या वाहतो. दहावीत मास्तरांनी विचारलं होतं, बाप काय करतो? हमाल, म्हणालो. मग हाताचं काहीतरी शीक, म्हणाले. मार्क विचारलेच नाहीत.

यंदा धाकटा भाऊ दहावी झाला. त्यालाही तोच सल्ला मिळालाय.

दोस्तहो, मी आयटीआयच्या विरोधात नाही. सातपूर-अंबडची मशिनं फिटर-टर्नरच्याच हातांवर चालतात. बाबासाहेबांनी 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात आपल्या पोरांसाठी तांत्रिक शिक्षण मागितलंच होतं. पण ते बापाच्या धंद्यातून बाहेर पडायला! राजाजींनी उलटं केलं. 1953 साली मद्रासेत खेड्यातल्या शाळा अर्ध्या दिवसावर आणल्या; उरलेल्या वेळात पोरानं घरचा धंदा शिकायचा. म्हणजे चांभाराच्या पोरानं आरी धरायची, बामणाच्यानं पोथी. पेरियारांनी रान उठवलं. 1954 साली राजाजी गेले, कामराज आले, योजना गाडली गेली.

आता 2020 चं शैक्षणिक धोरण म्हणतं, सहावीपासून सगळ्यांनाच हाताचं काम. चालेल. पण सगळ्यांना म्हणजे कॉलेजरोडच्या पोरांच्याही अंगावर वेल्डिंगची ठिणगी उडू द्या.

आणि शिकून पुढं काय? अप्रेंटिस कायदा 1961 चा. त्याचं 18 वं कलम सांगतं, शिकाऊ हा कामगार नव्हे, कामगार कायदे त्याला लागू नाहीत. पुढं नोकरी द्यायची सक्तीही मालकावर नाही. राबायचं कामगारासारखं, दाम मात्र शिकाऊचे. हे कलम आधी उपटा, मग आम्हाला कौशल्याची भाषणं द्या.

एक दार मात्र आहे, आणि ते वस्तीत कुणी सांगत नाही. दोन वर्षांची आयटीआय केली की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून इंजिनिअरिंगला. हे मला कळलं तेव्हा पाठीला घट्टे पडले होते. शाळेनं दहावीच्या प्रत्येक पोराच्या हातात असे सगळे रस्ते, खर्चासकट, लिहून द्यावेत. नसेल देत तर आपल्या पोरांनी जूनमध्ये बुद्धविहारात टेबल टाकून बसावं. पोस्टरं रात्री लावता येतात.

भावाला गणितात ऐंशीच्या वर आहेत. त्याला सायन्स घ्यायचंय. आई म्हणते, आयटीआय कर, पगार लवकर सुरू होईल. तिचंही चुकत नाही. बापाची कंबर गेली, चूल माझ्या एका पाठीवर आहे. मोबाइलवर फॉर्म उघडून ठेवलाय, पहिला पसंतीक्रम कोराच. उद्या रेक नाही. तिघं बसणार आहोत.