मेणाविरुद्ध थोडेसे

मेणाशी माझे वैयक्तिक वैर नाही. वीज गेल्यावर फडताळाच्या कोपऱ्यातून जी अर्धी मेणबत्ती निघते, तिचे उपकार मी मानतो. मेणकापडावर तर आपल्या कित्येक पिढ्या पालथ्या पडायला शिकल्या. लोणावळ्याला जाऊन मेणाचे पुतळेही मी पाहिलेत, आणि ते कोणाचे आहेत हे खालची पाटी वाचून ओळखलेही आहे. माझे भांडण आहे ते मोटारीच्या मेणाशी, आणि तेही सरसकट नाही. मोटारीच्या चकचकीत रंगावर खुशाल मेण चोळा. पण हल्ली मोटारींवर मॅट व्हिनाइलची जी ग्राफिक्स चिकटवतात, म्हणजे बॉनेटवरचे काळे पट्टे किंवा दारावरचा झेपावणारा वाघ, त्यांच्या वाटेला मेणाचा डबा घेऊन कोणी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मी कोणाच्याही भिडेखातर बदलणार नाही.

खरी अडचण भाषेपासूनच सुरू होते. या 'मॅट'ला मराठीत काय म्हणाल? निस्तेज? फिकट? मळकट? यांतला एकही शब्द एखाद्याच्या घराच्या भिंतींबद्दल काढून बघा, चहा मिळायचा नाही. उलट बाजूला बघा : चकचकीत, लखलखीत, तुकतुकीत, झळझळीत! शब्दांची नुसती दिवाळी. जे चकाकत नाही ते धुतलेलेच नाही, अशी आपली पक्की समजूत. त्यात 'हात फिरे तिथे लक्ष्मी वसे' हे लहानपणापासून कानांवर पडलेले. मॅट व्हिनाइलवर मात्र जितका हात फिरवाल तितकी लक्ष्मी बाहेर जाते. रोख रकमेच्या रूपाने.

आता कोणी म्हणेल, चकाकी नसण्यात कसले आले आहे कौतुक? तर ऐका. घरोघरी पाटा-वरवंटा होता तेव्हा टाकी लावणारी बाई दारावरून ओरडत जायची. ती काय करायची? गुळगुळीत झालेला पाटा पैसे घेऊन खडबडीत करून द्यायची. गुळगुळीत पाट्यावर चटणी वाटली जात नाही, नुसती फिरते. शाळेतला फळा जुना होऊन चकाकायला लागला, की खिडकीकडच्या बाकांवरच्या पोरांना त्यावर उजेडाखेरीज काही दिसत नसे. स्लेटच्या पाटीला तेलाचा हात लागला, की तेवढ्या जागी पेन्सिल उमटायची नाही. आणि लग्नाचे फोटो धुवायला टाकताना स्टुडिओवाला "मॅट की ग्लॉसी?" असे विचारायचा, तेव्हा ज्यांनी ऐटीत ग्लॉसी घेतले, त्यांच्या अल्बमात आज नवरा-नवरीपेक्षा पाहुण्यांचे अंगठेच ठळक दिसतात.

मोटारींच्या जगातही मॅट हे काही आजचे खूळ नाही. १९६०-७०च्या सुमारास रॅलीत धावणाऱ्या कित्येक गाड्यांच्या बॉनेटला मुद्दाम काळा मॅट रंग देत, कारण चकचकीत बॉनेटवरून उन्हाची तिरीप थेट चालकाच्या डोळ्यांत जाई. म्हणजे न चकाकण्यामागे अक्कल होती. चकाकण्यामागे ती प्रत्येक वेळी असतेच असे नाही.

मॅट फिल्मच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य खड्डे-उंचवटे असतात. आपल्या रस्त्यांसारखे म्हणा, फक्त इथे ते मुद्दाम केलेले असतात आणि पैसे घेऊन केलेले असतात. त्यांवर पडलेला प्रकाश दाही दिशांना विखुरतो, म्हणून ती चकाकत नाही. मेणाचे काम याच्या बरोबर उलटे : खड्डे भरणे. चकचकीत रंगावर लावलेले मेण वाळले की फडक्याने पुसून निघते. मॅटवरचे खड्ड्यांत जाऊन बसते, आणि मग फडके वरून कितीही फिरवा, आतले पांढरे तसेच. जिथे खड्डे पुरते बुजतात तिथे तेलकट, मेणचट चकाकीचा डाग. मोटारीच्या मेणात पुष्कळदा जे कार्नोबा असते ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर तयार होते आणि त्या पानांचे सुकण्यापासून रक्षण करते. तिथे ते शोभते. झाडाने ते कुणाला फुकट मारून दिलेले नाही.

'फुकट' म्हटल्यावर माझ्या भाच्याची गाडी आली. या मुलाने दोन-तीन महिन्यांची बचत घालून गाडीच्या दोन्ही अंगांना काळ्या मॅट व्हिनाइलमध्ये सह्याद्रीची रांग काढून घेतली. ट्रेकिंगचा नाद आहे त्याला. मग गाडी सर्व्हिसिंगला गेली आणि संध्याकाळी परत आली, ती शिखरांवर बर्फ घेऊन. १९६२ साली हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असे आपण अभिमानाने सांगतो. साठ वर्षांनी हिमालयाने परतफेड केली असावी.

"मामा, बघा हो काय करून ठेवलंय," भाचा रडवेला होऊन म्हणाला.

मी त्याच्याबरोबर गेलो. तिथला सुपरवायझर डोळ्याची पापणी न लववता म्हणाला, "सर, वॅक्स तर आम्ही फ्री मारून दिलंय. दोन पाण्यात निघून जाईल." ते दोन पाण्यात निघाले नाही. बाराव्या पाण्यात पाणी संपले.

आता सोसायटीत अशी गाडी उभी राहिली, की सल्ल्यांना काय तोटा? एक निवृत्त इंजिनियर म्हणाले, "पेट्रोलचा बोळा फिरवा." दुसऱ्याने थिनर सुचवला. अहो, पेट्रोल आणि थिनर मेणाबरोबर व्हिनाइललाही मऊ करतात, त्यावरची शाई उतरवतात आणि खालचा गोंदही ढिला करतात. डाग जाईल, पण सह्याद्रीला घेऊन जाईल. तिसऱ्याने टूथपेस्ट आणली. चौथे सर्वांत थोर. ते म्हणाले, "सगळ्या डोंगरावरच वॅक्स मारा की, एकसारखं दिसेल." राज्यकारभारात या गृहस्थांना मोठा वाव आहे.

टूथपेस्ट काय किंवा रबिंग कंपाउंड काय, दोहोंत बारीक कण असतात. ते मॅटचे उंचवटे घासून सपाट करतात, आणि यावर उपाय नाही. मेणाचा डाग काढता येतो, घासून आणलेली चकाकी काढता येत नाही. हे एवढे ज्याला समजले, त्याने निम्मी गाडी वाचवली. म्हणून डाग दिसल्या दिसल्या बाह्या सरसावू नका. गाडी सावलीत लावा, पत्रा गार होऊ द्या, साध्या सौम्य शॅम्पूने धुवा. ज्या शॅम्पूत 'आतच वॅक्स' असते तो नको, नाहीतर करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मग दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी असे मिश्रण मऊ मायक्रोफायबरच्या फडक्यावर घ्यायचे आणि आधी कुठल्यातरी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचे. ग्राफिक छापलेले असेल आणि त्यावर लॅमिनेशन नसेल तर शाईच फडक्यावर यायची. शाई आली नाही, तर डागावर फडके क्षणभर टेकवायचे, हलकेच पुसायचे, घडी बदलायची, पुन्हा टेकवायचे. खड्ड्यांत अडकलेले मेण मऊ केसांच्या ब्रशने हळूच उकरायचे. कडेला जपून, कारण फिल्म कडेनेच सुटते. शेवटी स्वच्छ पाणी. हे मिश्रण पेट घेते, तेव्हा सल्ला द्यायला आलेल्यांच्या विड्या आधी विझवा. आणि २०२० साली घेऊन ठेवलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या संपवायची ही संधी नव्हे. त्यांत बहुधा ग्लिसरीन किंवा जेल असते. मेण जाऊन चिकटा येईल.

भाच्याचा सह्याद्री या उपायाने जवळजवळ सगळा काळा झाला. दोन रविवार गेले. फक्त डाव्या दाराच्या एका शिखरावर त्या लोकांनी मशीनही फिरवले होते. ते शिखर आता कायमचे चकाकते. भाचा म्हणतो, तिथे ऊन पडलंय असं समजायचं. तरुण पोरगा आहे, समजूत काढतो स्वतःची. मी काढणार नाही. ज्या कामाचे पैसे घेतले नाहीत त्या कामाचा जाब विचारायचा नाही, हा कुठला न्याय? परक्याच्या वस्तूला न विचारता हात लावला, तर तो फुकट लावला म्हणून काही पुण्य होत नाही. आणि मेणाच्या डब्यावर मॅटला लावू नये अशी सूचना असलीच, तर ती मुंगीच्या चष्म्यातून वाचावी लागेल इतक्या बारीक टायपात कशासाठी?

परवा गाडी पुन्हा सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मीच गेलो. जॉब कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून घेतले : 'मॅट ग्राफिक्सवर वॅक्स किंवा पॉलिश लावू नये.' मोठ्याने वाचायला लावले. खाली सही घेतली. सही करून सुपरवायझर जरा हिरमुसला आणि म्हणाला, "मग सर, निदान टायरला तरी पॉलिश मारू का?"