पुढारी कोणास म्हणावे?

पुढे चालतो तो पुढारी, असा या शब्दाचा सरळ अर्थ आहे. परंतु नुसते पुढे चालण्याने कोणी पुढारी होत नाही. वरातीत वाजंत्रीवालेही पुढेच असतात! लोक ज्याच्या मागून आपखुशीने येतात, तोच खरा पुढारी. आणि लोक येतात ते त्याच्या हुकमामुळे नव्हे, तर त्याने आपल्यासाठी काय सोसले, हे पाहून.

या दृष्टीने कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र वाचावे. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते काही काळ खेडोपाडी हिंडले. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्यास वसतिगृह उभे राहिले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपणच करीत आणि एकाच पंक्तीस जेवत. शिवाशिवीच्या त्या काळात ही गोष्ट सामान्य नव्हती. मुलांना अन्न कमी पडू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक करून आपले दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही मोडले. त्यांच्याकडे कोणते पद नव्हते, की अधिकार नव्हता. तरीही त्या संस्थेचे पुढारी मोजताना त्यांचे नाव भाऊरावांच्या बरोबरीने घ्यावे लागेल.

थोरांनी हलकी कामे केली तर त्यांचा वचक राहत नाही, असे काही लोक म्हणतात. वचक कदाचित राहणार नाही. पण वचकाचे आयुष्य ते किती? गुरुजींची पाठ वळेपर्यंत! ज्या वर्गनायकाने स्वतः हाती केरसुणी घेतली आहे, त्याला वर्ग झाडून घेण्यासाठी दरडावावे लागत नाही.

मात्र सेवा करणे म्हणजे लाड पुरविणे नव्हे. भाऊराव शिस्तीचे मोठे कडक होते. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने अंगमेहनत करावी आणि मानाने शिकावे, हा त्यांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचा आशय होता. विद्यार्थी शेतात राबत, आणि त्या श्रमावर शिकत. आयते देऊन मुलांना कायमचे आश्रित करून ठेवणे त्यांना सहज जमले असते. त्यात त्यांचा बडेजावही वाढला असता.

संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि पुढे स्वतःच खोड होऊन फांद्यांचा भार पेलतात. १९५९ साली भाऊराव निवर्तले. त्यांच्या वसतिगृहात वाढलेले कित्येक विद्यार्थी तोवर संस्थेच्याच शाळांतून शिकवू लागले होते.